त्या ताऱ्याचा सहा आणि आठ

सर, त्या एका ताऱ्याबद्दल आता शोधनिबंधात काही वाचलंय, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घाई कसलीच नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वाशीतलं तुमचं स्वयंपाकघर, आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेल्या, वेधशाळेकडून आलेल्या, ताऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो घेतलेल्या काचा. कपाटातल्या काचांना खाडीच्या दमट हवेनं बुरशी धरली, तेव्हापासून उरलेल्या तुम्ही डब्यात हलवल्यात. भात लावायच्या आधी काकू आपली परवानगी मागायच्या, चिडवायला. मी सानपाड्याहून चालत आलेय आणि भिंगातून बघतेय. अतितप्त, अवजड ताऱ्यांच्या वर्णपटात हेलियमच्या दोन रेषा शोधायच्या, कुठली किती गडद ते ताडायचं आणि आकडा सांगायचा. आकडा जितका लहान, तितका तारा जास्त तापलेला. नव्या काचेवरच्या त्या ताऱ्याला मी आठ म्हटलं. काही वर्षांपूर्वी तुम्ही त्यालाच सहा ठरवलं होतं. तुमची जुनी काच बुरशीनं खाल्लेली, ती पुन्हा बघायची सोय नव्हती. तुम्ही नवी काच भिंगाखाली धरलीत, बराच वेळ. आठच होता.

"तारा इतक्यात बदलत नाही," तुम्ही म्हणालात. "माणूस चुकतो."

छापायला पाठवायची तयारी झालेलं तुमचं सगळं वर्गीकरण त्या दिवशी बासनात गेलं. एका ताऱ्यासाठी एवढं, असं काकूंनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "एक कळला, एवढंच. बाकीचे किती चुकलेत कोण सांगणार?" तुमचं हे सोवळं मला पटलं नाही, मी वाद घातला, रागावून घरी गेले. तुम्ही पुन्हा भिंग हातात घेतलं नाहीत.

तो तारा बदलतो, सर. त्याचं चुंबकीय क्षेत्र कललेलं आहे. तो फिरतो तशी त्याची वेगवेगळी बाजू आपल्यासमोर येते आणि वर्णपट सहावरून आठवर, पुन्हा सहावर जातो. तुम्ही चुकला नव्हतात. बाकीचेही तारे बरोबर असावेत. याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्हाला हे सांगायला हवं होतं, हे वाचताक्षणी मनात आलं, असं मी लोकांना सांगते. ते संध्याकाळी आलं. आधी आलं ते एवढंच, की माझा आठही बरोबर होता.