रिव्हर्स पडत नाही

७ फेब्रुवारी, शनिवार

होडीचा गिअर आजही पडला नाही. लिव्हर पुढे ढकलली की आधी काहीच नाही, मग एकदम धाडकन धक्का. रिव्हर्स तर रुसूनच बसलाय. अजितने लिव्हरला लाथ घातली, तिची मूठ तुटून कानोता धरणाच्या पाण्यात गेली. म्हटलं, नवरोबा, त्यापेक्षा स्वतःचं डोकं आपटा, ते स्वस्तात दुरुस्त होईल. घरी येताना खातीपुऱ्याच्या वळणावर एका ई-रिक्षावाल्याला आईबहिणीवरून शिव्या. बिचारा आपल्या बाजूने चालला होता.

शिडाची होडी हौसेने घेतली. बँकेने जयपूरला फेकलं, इथे समुद्र नाही, तर धरण तरी, हे अजितचं म्हणणं. सासूबाईंना केवढं कौतुक. त्या मार्गशीर्षात गेल्या आणि तेव्हापासून हा माणसांशी बोलत नाही, वस्तूंना मारतो. मिक्सर, दार, आता होडी. मला भीती वाटत नाही, राग येतो. बहुतेक.

८ फेब्रु., रवि.

बाबांच्या मिरजेच्या गॅरेजातला नियम: आधी सोपं बघ, मग महाग. गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. पातळी बरोबर, जळका वास नाही, पाणी शिरलेलं नाही. म्हणजे आतला क्लच जळलेला नसावा. मग लिव्हरपाशी केबल सोडून हाताने ओढली. अर्ध्यात अडते. आता केबल जाम की ती ज्याला हलवते तो गिअरबॉक्सचा दांडा जाम? ते कळायला केबल मागूनही काढायला हवी. मागचा कप्पा म्हणजे उंदराचं बीळ. मी उतरत होते, तर अजितने खांद्याला धरून बाजूला केलं.

"तू अडकशील. मी बघतो."

वर आला तो काळाठिक्कर होऊन. "केबल काढून बघितली. दांडाच हलत नाही. गिअरबॉक्स गेला."

तसं वाटत नव्हतं. पण वाद घालायला अंगात जोर नव्हता.

१४ फेब्रु., शनि.

उजव्या हाताने लिहितेय, डावा गळ्यात.

गिअरबॉक्स उतरवायचा म्हणून होडी घाटाशी आणत होतो. वारा नाही, शीड गुंडाळलेलं. अजित लिव्हरशी, मी पुढे दोर घेऊन. "न्यूट्रल टाक." "टाकला." होडी पुढेच जातेय. "अरे रिव्हर्स टाक, रिव्हर्स." मी मूर्खासारखी हाताने अडवायला गेले. दगड आणि होडीच्या मध्ये करंगळी. आवाज ऐकू आला, दुखणं नंतर आलं. इंजिन बंद करेपर्यंत होडी त्याच पायरीला धडका देत राहिली.

चौकीदार भंवरजी पळत आले. "कांई होग्यो मैडमजी?" मी त्यांनाही शिव्या दिल्या, मराठीत. त्यांना समजल्या असाव्यात.

हाड मोडलंय. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये अजित भिंतीकडे तोंड करून रडत होता. इतकं रडण्यासारखं माझ्या करंगळीत काय आहे, कळेना.

१५ फेब्रु., महाशिवरात्र

कळलं.

अजित देवळात गेल्यावर टॅक्सी करून एकटी कानोत्याला गेले. एका हाताने बिळात उतरले. अडकले नाही.

केबल कोणी काढलीच नव्हती. तिच्या नटावरची धूळ जशीच्या तशी. दांड्याभोवती आणि शेजारच्या न हलणाऱ्या पट्टीभोवती मिळून लाल दोरा करकचून बांधलेला, तेल पिऊन वाळल्या चामड्यासारखा कडक. सासूबाईंनी खंडेनवमीला इंजिनाची पूजा केली होती, तोच हा. हळदकुंकू, झेंडूचं फूल, दोरा. पण त्यांनी सैल बांधला होता, मी टॉर्च धरला होता. आणि ही गाठ त्यांची नाही. दुहेरी आहे. अजित बुटाला बांधतो तशी.

रात्री विचारलं. म्हणाला: "आई गेल्यावर बघितला तर सुटत आला होता. पडू नये म्हणून आवळला. पूजेचा दोरा आपण तोडत नाही मृणाल, तो आपला आपण गळतो."

"तुला माहीत होतं गिअर कशाने अडतो?"

"शंका होती."

शंका होती. आणि मला पुढे उभं केलं.

१७ फेब्रु., मंगळ.

कात्री घेऊन गेले, तोही मागे आला. म्हटलं, दोरा तू काप, मी हात जोडून उभी राहते, मग पाण्यात सोडू. सासूबाई माझ्याही कोणी होत्या. तो म्हणाला, गिअरबॉक्स नवा घेऊ, इंजिन नवं घेऊ, होडी विकू, पण हे राहू दे. मी वाकले. त्याने माझा हात धरून पिरगाळला. डावा. मोडका.

डोळ्यांपुढे अंधारी आली. उजव्या हाताला पान्हा लागला, तोच घातला. कपाळ फुटलं. रक्त त्याच्या भुवईतून खाली आलं आणि मला बरं वाटलं. हे इथे लिहितेय, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

मग मी दोरा कापला. तो बघत बसला, लहान मुलं इंजेक्शनकडे बघतात तसा. दांडा हाताने हलवला. पुढे, मध्ये, मागे, खटाखट. गिअरबॉक्सला काहीही झालं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं, होडीचा लोखंडी दांडा लागला. डॉक्टरांनी माझ्या हाताकडे बघितलं, त्याच्या कपाळाकडे बघितलं. म्हणाले, "यह नाव बेच दीजिए."

१९ फेब्रु., गुरु.

आईचा फोन. "बोट कसं आहे गं?" बरं आहे. "जावईबापू?" बरे आहेत. दोरा त्याने रुमालात बांधून कपाटात ठेवलाय. मी हाकेच्या अंतरावर झोपते, पण दुसऱ्या खोलीत.

मिरजेचं तिकीट बघितलं. काढलं नाही.

२२ फेब्रु., रवि.

तोच म्हणाला, बघू तरी पडतो का. गेलो.

गिअर चोख. मूठ नसलेल्या लिव्हरनेसुद्धा. धरणात मोठी चक्कर मारली. परत येताना म्हटलं, आज तू पुढे उभा राहा. गेला, दोर घेतला.

पायरी जवळ आली. "न्यूट्रल," तो म्हणाला. ओरडला नाही.

लिव्हर माझ्या हातात होती. गिअर पडणार, हे मला पक्कं माहीत होतं. टाकला नाही.

"मृणाल."

त्याने होडी अडवायला हात पुढे केला नाही. वळून माझ्याकडे बघितलं आणि पाठ दगडाकडे करून तसाच उभा राहिला. तेव्हा मी रिव्हर्स टाकला. होडी थरथरली, पायरीला जेमतेम घासून थांबली. तो तोल जाऊन गुडघ्यावर पडला.

गाडीत बसल्यावर विचारलं त्याने, "अडकला होता का?"

"नाही."

"बरं."

पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. लिव्हरशी कोण, ते ठरलेलं नाही.