लस घेतलेले, न घेतलेले

११ ऑक्टोबर २०२१

एकही खाट रिकामी नाही. सगळ्या रोमानियात नाही म्हणतात! पुढच्या रुग्णाला जागा कधी होते? आधीचा मेला की. हे लिहायची आता लाजही वाटत नाही.

आमच्या विभागप्रमुख मुशात बाईंनी मला काम लावलंय. अतिदक्षता विभागात येणाऱ्या प्रत्येकाचं टिपायचं – लस घेतली होती का, आणि पुढं काय झालं. "कातिंका, लोक आपलं ऐकत नाहीत. मेलेल्यांचं तरी ऐकतील," म्हणाल्या. उत्तर आत्ताच दिसतंय. इथं येतात ते जवळजवळ सगळे न घेतलेले. घेतलेला एखादाच, तोही म्हातारा, किडन्या गेलेला – आणि त्यांतलेही काही आपल्या पायांनी घरी जातात.

१३ ऑक्टोबर

बाबा आले. आमच्याच विभागात!

बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा बघून मला वाटलं यंत्रच बिघडलंय. आईनं त्यांना आठवडाभर घरीच ठेवलं होतं. गरम दारू, लसूण, छातीला चरबी. इस्पितळात गेलेला परत येत नाही म्हणे. आमच्या गावाला कोण समजावणार! मी हात टेकलेत.

पण बाबांनी लस घेतलीय. दोन्ही डोस. उन्हाळ्यात मी बजावलं होतं, लस घेतल्याशिवाय मी घरात पाऊल टाकणार नाही. बाबांच्या हृदयाला दोन स्टेंट, मला त्यांचीच काळजी. आईनं सरळ झिडकारलं – "मला नको, मी गाय सोडून जाते कुठं?" बाबांनी मात्र प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. लस टोचणारी माझीच धर्ममाता, बाप्तिस्म्याला मला हातात धरलेली अग्लाया – गावच्या दवाखान्यात नर्स आहे. तो फोटो बघून मी इस्पितळाच्या जिन्यात बसून रडले होते, आनंदानं.

मुशात बाई म्हणाल्या, "लस घेतलीय ना? मग धीर धर." धरला.

१४ ऑक्टोबर

आईचा फोन. तिला म्हटलं, घाबरू नकोस, बाबा लस घेतलेले आहेत, असे लोक बाहेर पडतात, मी रोज बघते. ती गायीच्या चाऱ्याचं बोलायला लागली. तिला नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं मला.

१६ ऑक्टोबर

बरे नाहीत. का?

१७ ऑक्टोबर

दुपारी श्वासाची नळी घातली. मी घातली नाही, मला बाहेर उभं केलं. ते बरोबरच होतं.

त्याआधी बाबांनी मास्क वर केला. म्हणाले, "आईवर रागावू नकोस." मी म्हटलं, नाही रागावत, उशीर केला तिनं, पण कळत नाही तिला. त्यांनी मान हलवली – नाही, नाही अशी. काहीतरी सांगायचं होतं. पुढं बोलायला श्वास नव्हता. मी मास्क परत बसवला. वैतागलेच जरा! हट्टी माणूस, म्हटलं.

१९ ऑक्टोबर

आता आईला ताप. त्रेसष्ट वर्षांची, मधुमेह, लस नाही. अशीच माणसं मी रोज पिशवीत घालून खाली पाठवते.

फोनवर ओरडले तिच्यावर. रुग्णवाहिका बोलावते म्हटलं. तर म्हणते, "मला काही होणार नाही." एवढी खात्री कुणी दिली तुला, विचारलं. तिनं फोन ठेवून दिला.

२० ऑक्टोबर

दोघंही जाणार. मला दिसतंय.

२२ ऑक्टोबर

आईचा ताप उतरला! गाय स्वतः दोहली. फक्त वास गेलाय, सूपमध्ये टाकलेल्या पाल्याचा वास येत नाही म्हणाली. शेजारची साफ्ता गावभर सांगत फिरतेय – बघा, लस नाही न् काही नाही, नुसत्या लसणानं उठून बसली. सांगू दे. माझ्या जिवात जीव आला.

बाबांच्या किडन्या गेल्या.

२४ ऑक्टोबर

आईचं एकच मागणं. त्यांच्या हातात मेणबत्ती दे. आमच्याकडं मेणबत्तीशिवाय गेलेला माणूस पलीकडं अंधारात चाचपडत राहतो. शत्रूलाही असं मरण कुणी चिंतत नाही. आणि इथं सगळ्या खोलीत ऑक्सिजन! काडी ओढली तर सगळा मजला जाईल. या लाटेत किती जणांना असं अंधारात पाठवलं आम्ही. एकाच्याही घरच्यांना मी नीट उत्तर दिलेलं नाही.

२५ ऑक्टोबर

गेले.

मी झग्याखाली मेणबत्ती नेली होती. न पेटवलेली. बाबांची बोटं सुजलेली, मिटेनात. माझ्या हातानं मिटून धरली. आईला सांगितलं पेटवली होती म्हणून. "ज्योत सरळ होती का?" तिनं विचारलं. सरळ होती, म्हटलं.

२७ ऑक्टोबर

पुरलं. बंद पेटी, आंघोळ नाही, नवे कपडे नाहीत. आईनं शिवून ठेवलेला शर्ट पेटीवरच ठेवला.

अग्लाया फाटकाबाहेर उभी राहून रडली, आईपेक्षा जास्त. आत आलीच नाही. साफ्ता मात्र आत आली, न् माझ्या तोंडावर बोलली, "लस घेतलेला तोआदेर गेला, न घेतलेली पारास्किवा राहिली. आता बोल, डॉक्टरीणबाई!" बायकांनी माना डोलावल्या. मी आईकडं पाहिलं. ती पावाचे तुकडे करत होती, मान वर न करता.

खरंच होतं ते!

५ नोव्हेंबर

कामावर. लसीच्या यादीत बाबांचं नाव भरायचं राहिलं होतं. मुशात बाईंना विचारलं, हे नाही भरलं तर? आपल्याच लोकांच्या हातात काठी कशाला द्यायची? बाई म्हणाल्या, "आपल्याला आवडलं नाही म्हणून खरं लपवायचं? मग आपल्यात न् साफ्तात फरक काय?" साफ्ताचं मीच त्यांना सांगितलं होतं.

भरलं. लस – घेतली. पुढं – मृत्यू.

मला अजून कळत नाही असं का झालं. हृदय, म्हणतात बाई. असेल.

१९ नोव्हेंबर

गावातले तिघं लस घ्यायला तालुक्याला निघाले होते, रस्त्यातनं परत फिरले. अग्लायानं फोनवर सांगितलं. तिला आणखी काही बोलायचं होतं बहुतेक, पण रडायला लागली. मलाही आता कुणाचं रडणं ऐकवत नाही.

३ डिसेंबर

बाबांचा चाळिसावा दिवस. आईनं गहू शिजवला, अक्रोड, साखर, वर साखरगोळ्यांचा क्रूस. पाद्रीबाबांनी वाटीला धूप दाखवला. मेणबत्त्या यावेळी खऱ्या पेटवल्या. सगळं रीतसर.

जेवताना साफ्ताची सून माझ्याजवळ येऊन बसली. पोटुशी, सातवा लागलाय. हळूच विचारलं, "ताई, मी घेऊ का लस?" मी तोंड उघडायच्या आत साफ्ता म्हणाली, "ज्यांचा चाळिसावा जेवतेयस, त्यांनी घेतलीच होती."

मी डॉक्टर. मी गप्प बसले! सुनेनं आपली थाळी उचलली न् दुसरीकडं जाऊन बसली. त्या मुलीला मी पुढच्या महिन्यात आमच्या विभागात बघणार, हे मला माहीत आहे. विश्वासच उडालाय माझा. कशावर धरून ठेवू?

४ डिसेंबर

आई सकाळी समोर येऊन बसली. "काल त्या पोरीला तू काही बोलली नाहीस, म्हणून सांगते," म्हणाली. "तुझ्या बाबांनी बाही वर केली होती. मी खाली ओढली. सगळे म्हणायचे, हृदयाच्या माणसाला सुई मारते. अग्लायाला म्हटलं, लस मोरीत ओत न् नुसता कागद दे, तर ती तयार होईना. मग मी माझा दंड पुढं केला. नाव त्यांचं राहू दे म्हटलं, तू घरी यावीस म्हणून. मारायचं तर मला मारू दे."

किती वेळा, मी विचारलं.

"दोन्ही वेळा."