भिंतीवरची टकटक

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पेन ड्राइव्ह मिळाला. चित्रपटाचं पार्श्वसंगीत दिग्दर्शकांनी दुसऱ्यांदा परत पाठवलं, व्हायोलिनं कानाला टोचतात म्हणाले, आणि आता एकच संधी, नाहीतर काम दुसऱ्याकडे, हे वाचलं. त्यांना कानच नाहीत हे तुझं मतही वाचलं.

माझा दिवस लोकांचे कान तपासण्यात जातो, तेव्हा निवाडा मागायला योग्य ठिकाणी आलास. सगळं ऐकलं, मग संगणकावर आवाजाचा आलेख काढून पाहिलं. दिग्दर्शक बरोबर आहेत. चाली चांगल्या आहेत. चित्रपटातली म्हातारी जिन्यात थांबते त्या प्रसंगाला मी हातातलं काम ठेवून ऐकलं. पण वरचे, बारीक आवाज तू वाढवून ठेवले आहेस. एका जागी असते तर आवड म्हटली असती. सगळीकडे सारखेच आहेत, म्हणजे तुला ते कमी ऐकू येत असावेत. इतकी वर्षं रॉक बँडमध्ये ड्रमला खेटून उभा राहिलास, दुसरं काय होणार? कान तपासायला ये.

आईला अजून वाटतं की तू सिनेमात गेलास म्हणजे पडद्यावर दिसशील. मी समजावणं सोडलं आहे.

लोभ आहे, वाढवायचा का, ते तू आल्यावर पाहू.
फूटपट्टी

९ जून

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्याशी अबोला धरला होता. तुला पत्ताच लागेना, म्हणून सोडला.

लहानपणी मी गिटार घेऊन बसलो की शेजारच्या खोलीतून तू भिंतीवर फूटपट्टी आपटायचीस. तेव्हाही तुझंच बरोबर असायचं आणि मी हट्टाने आवाज वाढवायचो. आता यायची भीती वाटते गं. बँड सुटला तेव्हा निदान हे काम हातात होतं. हेही गेलं तर मला दुसरं काय येतं?

रागावू नकोस, एवढीच माया मागतो.
तुझा दादा

१२ जून

ती. दादास,
सा. न.

तपासलं नाही म्हणून कान सुधारत नाहीत. रविवारी ये, आमचं कान तपासणी केंद्र बंद असतं. मीच तपासीन, कुणाला कळणार नाही. मग आपण शेजारी बसून संगीत नीट करू. बारीक आवाजांपुरते कान माझे, बाकी सगळं तुझं. चष्मा लागला म्हणून कुणी चित्रं काढायचं सोडत नाही.

येताना हट्ट घरी ठेव, लोभ घेऊन ये.
फूटपट्टी

२७ जून

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तपासणीत नाही, पण दिग्दर्शकांकडे पास झालो. त्यांनी सगळं ऐकलं आणि जिन्याचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. तू व्हायोलिनं खाली आणलीस तिथे जागा मोकळी झाली होती, तिथे मी मागाहून काहीतरी घातलं आहे. ते काय म्हणून त्यांनी विचारलं. घरगुती बाब आहे, एवढंच म्हणालो. त्या प्रसंगाची चित्रफीत सोबत पाठवतो. पुढच्या चित्रपटाचंही विचारलं आहे त्यांनी. कानांचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बहिणीलाही घेऊन या.

तुझ्या धाकात राहू इच्छिणारा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऐकलं. लाकडाची पट्टी, भिंतीवर, पलीकडच्या खोलीतून. लगेच ओळखली. आईलाही ऐकवलं. तिने तुला पडद्यावर शोधायचं सोडून माझ्याकडे पाहिलं.

एक दुरुस्ती. मी याहून जोरात आपटायचे. तू ती फार हळू धरली आहेस. अजून वेळ असेल तर, आयुष्यात पहिल्यांदाच सांगते आहे, आवाज थोडा वाढव.

लोभ वाढवला आहे.
फूटपट्टी