दाबलं की उसळायचं

३ मार्च
सेमिनारचा खरा खर्च : एक रविवार, एक कडक इस्त्रीचा शर्ट आणि बायकोचा सोमवारपर्यंतचा अबोला. पण वसूल! वक्ते म्हणाले, रेझिलियन्स हा शब्द मूळचा धातूंचा. दाबा, सोडा, वस्तू पुन्हा होती तशी. मग तो जंगलवाल्यांनी उचलला, मग मनाच्या डॉक्टरांनी, मग बँकांनी. अरे, मी जन्मभर स्प्रिंगाच बनवतोय! सगळं जग माझा माल नेतंय आणि मला पत्ता नाही.
संकल्प : आता व्याख्यानं द्यायची.

५ मार्च
न्हाव्याकडे केसांच्या तेलाच्या बाटलीवरही तोच शब्द. न्हाव्याला मूळ समजावलं. म्हणाला, साहेब, मान हलवू नका.

९ मार्च
पहिलं व्याख्यान मेव्हण्याच्या ऑफिसात ठरलं. जाड तारेची स्प्रिंग स्वतः वळवली, वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. स्टेजवर व्हाइस उघडायचा, स्प्रिंग उसळणार, टाळ्या! दुसरं उदाहरण घरचंच : मुलगा. कारखान्याच्या दोन्ही पाळ्या एकटा ओढतो, कुरकुर नाही. हलकी स्प्रिंग दाबून दाबून बसते, उठायचंच विसरते. आमच्याकडचं काही बसत नाही. ना लोखंड, ना रक्त.

१६ मार्च
मुलगा विचारत होता, बाबा, चार दिवस सुट्टी घेऊ का? म्हटलं, व्याख्यान होऊ दे. तुझंच उदाहरण देतोय, आत्ताच कशी घेशील? हसला. बहुतेक हसलाच.
बायको म्हणते, पोरगं ताटावर बसून भिंतीकडे बघत राहतं. म्हटलं, विचार करत असेल. म्हणाली, अहो, तुम्हीही करून बघा कधीतरी.

२४ मार्च, दुपार
व्हाइस उघडला. स्प्रिंग अर्धी वर आली आणि तिथेच राहिली. म्हटलं, जरा वेळ द्या तिला. लोकांनी दिला. मेव्हणा मागून ओरडला, दाजी, फुंकर मारा!
तारवाल्याला झापणार. तार हलकी दिली मेल्यानं. ९ तारखेपासून व्हाइस सैल केला नव्हता हे खरं, पण सोडून पुन्हा आवळायला वेळ कोणाला आहे?
मुलाचं उदाहरण मात्र दणक्यात झालं.

२५ मार्च
सकाळच्या पाळीला कारखाना मीच उघडला. मुलगा आला नव्हता. घरी गेलो, तर अंथरुणात. डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, काही नाही. बायको उशाशी, माझ्याकडे बघेना. म्हटलं, बाळा, घे सुट्टी, हवी तेवढी घे. आता ऊठ, चहा तरी घे.
हो बाबा, म्हणाला.
उठला नाही.