नायकाचे दात

४ मार्च, सोमवार

आठवड्याभरातली तिसरी कादंबरी संपवली. नायकाचे दात — मोत्यांसारखे! सलग तिसऱ्या कादंबरीत!

सव्वीस वर्षं कवळ्या बनवतेय. मोत्यांसारखे दात एकाही जबड्यात पाहिले नाहीत. अहो, मोती गोल असतो. गोल दातांनी या नायकाने एक सफरचंद चावून दाखवावं. आणि पांढरेशुभ्र म्हणे! आमच्या रंगांच्या पट्टीवर सोळा छटा आहेत. त्यातली सगळ्यात पांढरी लावली की गिऱ्हाईक आरशात बघून स्वतःच म्हणतं, बाई, हे खोटे वाटतात हो.

नायिकेला पान चाळीसवर सर्जन व्हायचं होतं. पान दोनशेवर ती त्याच्या शर्टाचं बटण शिवतेय. मधल्या परीक्षेचं काय झालं? लेखिका विसरली, नायिकाही विसरली. मी नाही विसरले.

तरी शेवटी रडले. थोडंसंच. हे कुणाला सांगायचं नाही.

६ मार्च, बुधवार

हे पडले!

एकतीस वर्षं क्रेन चालवली. वारा, ऊन, दहा मजले उंची — कधी साधं खरचटलं नाही. निवृत्त होऊन चार महिने झाले आणि आज स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना दोन फुटी स्टुलावरून खाली. नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मी दिवसभर प्लास्टरचे जबडे ओतायचे, आणि घरी यावं तर नवराही प्लास्टरमध्ये!

९ मार्च, शनिवार

ह्यांचा वेळ जात नाही. भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे हे मला आज पाच वेळा सांगून झालं. दुपारी घरी आले तर वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून वाचत पडलेले. इतकं मन लावून? वर्तमानपत्र? जवळ जाऊन बघते तर आत माझी कादंबरी! शाळकरी पोरासारखी लपवलेली.

"काय वाचताय?"

"काही नाही. बातम्या."

मग जेवताना, भात कालवता कालवता, मान वर न करता — "अगं, हा माणूस कामावर कधी जातो?"

"कोण?"

"तो. इंजिनियर."

खरंच की! दोनशे सतरा पानं झाली, हा पुलाचा इंजिनियर एकदाही पुलावर गेलेला नाही. कायम नायिकेच्या फाटकाशी उभा. इतक्या कादंबऱ्या वाचल्या, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. मला दात दिसतात, ह्यांना हजेरी.

१२ मार्च, मंगळवार

लॅबच्या मालकांनी — आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतो — केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कालची खालची कवळी परत आली असणार. तर म्हणाले, "बाई, बसा." बसा म्हटलं की मला धडकीच भरते.

दुसऱ्या शहरात मोठी लॅब काढतायत. बारा नवीन मुलं-मुली घेणार. त्यांना शिकवायला आणि सगळं बघायला कुणीतरी हवं. दोन वर्षं. राहायला खोली देतील. "तुम्ही जा."

मी हसले. "डॉक्टर, माझा हात तेवढा नाही."

"ते मला ठरवू द्या. एकतीस तारखेपर्यंत सांगा."

घरी सांगितलं नाही. सांगून काय करायचं? जायचंच नाही. ह्यांचा पाय, घर. आणि खरं कारण — इथे लिहायला हरकत नाही. तेवीस वर्षांपूर्वी सिरॅमिकचे दात शिकायला एका मोठ्या संस्थेत अर्ज केला होता. दहा महिन्यांचं शिक्षण. नमुना म्हणून मेणात कोरलेली एक दाढ पाठवायची होती. लेक दोन वर्षांची. ती झोपली की कोरायला बसायची मी. अकरा दाढा मोडल्या, बारावी पाठवली.

उत्तरच आलं नाही. साधं "नाही" कळवावं इतकीही ती दाढ बरी नसणार. तेव्हापासून मी आपली कवळ्यांवर खूश. माणसाने आपला हात ओळखून असावं.

१५ मार्च, शुक्रवार

लायब्ररीवाल्या बाईंकडे गेले. ह्यांनी यादी दिली होती! शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद निघाला:

पावसात भिजणारी नको (तिला ताप येतो, मग पन्नास पानं नुसता ताप).
गरीब-श्रीमंत चालेल.
जुळे भाऊ अजिबात नको.
नायकाला धड नोकरी असावी.

बाईंनी यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं. "घरी नवीन वाचक?"

"पाय मोडलाय."

"अहो, मग मोडूनच ठेवा!" — आणि अशा हसल्या की मागच्या टेबलावरचे आजोबा दचकून जागे झाले.

चार पुस्तकं आणली. आता दोघांत भांडण — आधी कोण? ते रोज मी येण्याआधी वीस पानं पुढे जातात आणि मुद्दाम सांगतात, "पुढे काय होतं ते मी सांगणार नाही हं." मग सांगतात.

परवा संपवलेल्या माळी आणि विधवा मालकीणबाईंच्या गोष्टीवर ह्यांचं मत: "चांगला आहे माणूस. पण एवढं प्रेम आहे तर सरळ विचार ना तिला, तुला काय हवंय म्हणून! दीडशे पानं गुलाब कसले कापतोस?"

मी म्हटलं, "तुम्ही मला कधी विचारलंत?"

"मी कुठे माळी आहे?"

असं हे उत्तर!

१९ मार्च, मंगळवार

नवीन चारांतली एक वाचून संपवली. बरी आहे. नायिका गायिका. तिला परदेशातून बोलावणं येतं. पत्र नायकाच्या हाती लागतं आणि तो ते लपवून ठेवतो — ती निघून जाईल या भीतीने. खलनायकाने नाही, नायकाने! इथे मी ताठ होऊन बसले. म्हटलं, आता मजा. तर कसलं काय! तिला कळतं, ती अर्धं पान रडते, तो म्हणतो, "तुझ्याशिवाय मी अधुरा आहे," आणि ती — त्याच्या मिठीत! खिडकीबाहेर लगेच चंद्रबिंद्र.

हे माझ्या मागोमाग वाचतायत. शेवटची तीस-एक पानं उरली असतील. आज पुस्तक मिटूनच बसले होते. मला विचारलं, "ती पुढे माफ करते का?"

"करते. अर्ध्या पानात."

"तुला पटलं?"

"छे! अर्ध्या पानात माफी म्हणजे काय, चहा सांडला का अंगावर? मी असते तर त्याच्या डोक्यात पेटी घातली असती. हार्मोनियमची."

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत.

२१ मार्च, गुरुवार

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. पुस्तकाची तीस पानं तशीच. "पाय ठणकतोय का?" नाही. "लेकीला फोन लावू?" नको. आज घड्याळाबद्दलही काही बोलले नाहीत.

२४ मार्च, रविवार

कसं लिहू! सरळ लिहिते.

सकाळी मी कपडे वाळत घालत होते. हे कुबड्या घेऊन गच्चीच्या दारात आले. पायरी आहे तिथे, म्हणून मी ओरडले. तर म्हणाले, "ऐक. ते दाढीचं पत्र आलं होतं."

मला आधी कळेचना. दाढीचं कसलं पत्र? मग कळलं. दाढीचं नाही. दाढेचं.

तेवीस वर्षांपूर्वी. पोस्टमनकडून ह्यांनी सही करून घेतलं होतं. उघडलं. तुम्हाला निवडलं आहे, अमुक तारखेला हजर राहा. ह्यांच्या आई तेव्हा आजारी, लेक लहान. म्हणाले, "संध्याकाळी देतो म्हणून डब्याच्या पिशवीत ठेवलं. संध्याकाळी धीर झाला नाही. मग उद्या, मग परवा. मग तारीखच उलटली. मग देऊन काय उपयोग, असं झालं."

"कुठे आहे ते?"

"फाडलं. क्रेनच्या केबिनमधून खाली सोडलं. तुकडे जमिनीवर पोचेपर्यंत बघत होतो. फार वेळ लागला."

माझ्या हातात त्यांचाच ओला शर्ट होता. मी विचारलं, "दाढेबद्दल काही लिहिलं होतं का?"

त्यांना वाटलं होतं, मी ओरडेन. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. कुबडीकडे बघत म्हणाले, "लिहिलं होतं. आलेल्या सगळ्या नमुन्यांत सगळ्यात उत्तम, असं."

शर्ट नीट झटकला, चिमटे लावले, आत आले. लेकीच्या जुन्या खोलीत आहे. रडू येत नाहीये. कादंबऱ्यांतल्या बायका लगेच रडतात. त्यांना कसं जमतं कोण जाणे!

एक पत्र लपवलं, त्याचं समजू शकते. घाबरला माणूस. पण तेवीस वर्षं मी ह्यांच्यासमोर म्हणत आले — माझा हात कच्चा, माझा हात कच्चा. पाहुण्यांसमोर म्हटलं. लेकीला म्हटलं. आणि हे शेजारी बसून ऐकत होते.

"हे" असं लिहायचीही इच्छा होत नाहीये.

२५ मार्च, सोमवार

एकच कवळी तीनदा पॉलिश केली.

२७ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. बापाने स्वतःच तिला सगळं सांगितलं म्हणे. आधी ती त्यांच्यावर खूप चिडली, मग माझ्याकडे वळली. "आई, पण आता किती वाईट वाटतंय त्यांना. वय झालंय गं."

"माझं नाही झालं?"

मग म्हणाली, "तुला काय हवंय आई?"

घरातल्या कुणीतरी विचारलं एकदाचं! उत्तर मात्र पटकन देता आलं नाही. फोन ठेवल्यावर खोलीतल्या खोलीत दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. मग सोपं झालं.

२९ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना सांगितलं — जाते.

ते म्हणाले, "हात तेवढा नाही म्हणत होतात ना?"

म्हटलं, "चुकीची माहिती मिळाली होती."

घरी आल्यावर ह्यांनाही सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. बावीस एप्रिलपासून, दोन वर्षं. ते "बरं" म्हणाले. मग कुबडी भिंतीला टेकवत — "जायलाच हवं तू."

आता गंमत बघा. मी सगळ्या नायिकांना नावं ठेवणारी! आणि हे ऐकून छातीत कळ आली. एकदा तरी थांब म्हणाले असते! म्हणाले असते तर स्टूल फेकून मारलं असतं, ते वेगळं. पण म्हणायचं तरी!

३१ मार्च, रविवार

आठवड्याने पहिल्यांदा एका टेबलावर जेवलो. ह्यांनी ती उरलेली तीस पानं वाचली. आपणहून म्हणाले, "शेवट मला नाही पटला."

मी भात वाढून घेतला.

"तिने घाई केली. आणि तो अधुरा-बिधुरा म्हणतो — नुसतं चुकलो म्हणायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्ही म्हणालात का?"

ताट बाजूला सारलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलो मी. फार चुकलो." चंद्रबिंद्र काही नव्हता. नळ गळत होता.

मी "हं" म्हटलं. सध्या माझ्याकडे तेवढंच आहे.

१७ एप्रिल, बुधवार

प्लास्टर काढलं. आतून निघालेला पाय कसला केविलवाणा, वाळक्या फांदीसारखा! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज चाला. हे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि असे दमले की जणू डोंगर चढून आलेत. भात, वरण, दोन भाज्या शिकवल्या. तिसरी शिकवायला वेळ नाही. भाजीत मीठ किती, हे वहीत ग्रॅममध्ये लिहून घेतायत.

२० एप्रिल, शनिवार

निघाले. बसपर्यंत बॅग ह्यांनीच आणली. लंगडत, तीनदा थांबून. मी घेते म्हटलं, दिली नाही. बस सुटताना दोघंही काही बोललो नाही. कादंबरीत इथे पाच पानं सहज गेली असती.

२४ एप्रिल, बुधवार

खोली छान आहे, पूर्वेची खिडकी आहे. बारा जणांत एका मुलीचा हात फार सुंदर चालतो — तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

संध्याकाळी ह्यांचा फोन. जेवलीस का, झोप लागते का. मग घसा खाकरून — "मी तिकडे राहायला येऊ का?"

"नको."

मी खिडकी लावून घेतली.

"रविवारी भेटायला या," मी म्हटलं. "चहा घेऊ. बोलू. संध्याकाळच्या बसने परत जायचं. पुढच्या रविवारी बोलवायचं की नाही, ते मी ठरवीन."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठून उभे राहिले असावेत.

"किती वाजता येऊ?"