झाकणाआडचं नाव

बाबा, तुम्हाला सलाम, आणि तुमच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यालाही! तेल लावता ना?

माशांना घर व्हावं म्हणून लष्कराने तुमचा रणगाडा समुद्रात सोडला, तेव्हापासून तुम्ही रुसलात. आमच्या या अकाबा बंदराचं नावही काढत नाही. पण काल समुद्रतळ दाखवायला पाहुण्यांना घेऊन पाण्याखाली बुडी मारली, तर तो सापडला. एक लठ्ठ मासा तुमच्या जागेवर बसलाय. हाकलला तरी उठत नाही, अगदी तुमच्यासारखा.

तुमचाच कशावरून? उघड्या झाकणाच्या आतल्या बाजूला छिन्नीने कोरलंय, ‘नवाल’. आमच्या आईचं नाव! आनंदाच्या भरात मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. सहाही पाहुणे निमूट वर निघाले! बोटीवर आमचे बुडी शिकवणारे उस्ताद मन्सूर ओरडले, "गाढवा, आठ वर्षं झाली तुला या कामात!"

सगळे सुखरूप आहेत. घाईने वर आल्यामुळे दुखावलेला माझा कानही आता फारसा दुखत नाही. आईला सांगू नका.

इथे काचेच्या तळाची बोट आहे, भिजावं लागत नाही. दोघंही या. जन्मभर चारचौघांत तुम्ही तिला ‘सुहैबची आई’ म्हणत आलात आणि नाव लोखंडात लपवलंत. आता ते रोज मासे वाचतात. एकदा तिलाही वाचू द्या.

तुमच्या हातांना ओठ टेकवून,
सुहैब