दारावरचा रानकांदा आणि फ्रिजमधले कंद

कातो वुनी, क्रीट
मार्चचा शेवट

माझ्या एरोफिलीताईला पेलागियाचा वाकून नमस्कार, आणि भावजींना त्यांच्या दोन्ही गुडघ्यांसकट. गुडघे कसे आहेत? मागे आपल्याच झाडांचं ऑलिव्हचं तेल चोळायला म्हणून पाठवलं होतं, ते भावजींनी काकडीवर घालून संपवलं असं तुझी लेक अर्गिरो सांगत होती. असू दे, आतून गेलं तरी गुडघ्यापर्यंत पोचेलच कधीतरी. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. आमच्या ह्यांचा खोकला गेला, शेळ्या व्यायल्या, आणि नातीचं तर काय सांगू, ती मला बघून हसते. (सून म्हणते पोटात वारा धरला की बाळं तशीच हसतात. धरू दे वारा, पण मलाच बघून का धरतो?) अजून ती नुसती 'बेबा'च आहे, बाप्तिस्म्याआधी नाव कसं घ्यायचं. पण नाव काय पडणार हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. मुलाची पहिली मुलगी म्हणजे बापाच्या आईचं नाव. सून परकी, हॉलंडची, पण तिनंही एका शब्दानं कुरकूर केली नाही. बाप्तिस्म्याच्या टॉवेलवर मी निळ्या दोऱ्यानं 'पेलागिया' भरूनही टाकलंय. शेवटचं अक्षर काठाशी चेंगरलंय, कारण आधी मोजायचं असतं हे शिकण्याआधीच माझी शाळा सुटली होती.

तू म्हणशील, फोन सोडून ही बया पत्र का लिहितेय. तर फोन आहे स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात असतं सगळं घर, त्यात आता व्याहीही. आणि जे घडलं ते ओरडून सांगण्यासारखं नाही. मला अजून धक्का ओसरला नाही ताई, बसल्या बसल्या मध्येच 'अगंबाई' म्हणते आणि बेबा दचकते.

सुरुवात झाली ऑक्टोबरात. व्याह्यांकडून, म्हणजे सुनेच्या वडिलांकडून, वाउटररावांकडून, एक खोकं आलं. मला वाटलं बाळंतविडा आला, उघडून बघते तर कांदे. म्हणजे ट्यूलिपचे कंद, पण दिसायला कांदेच. आता पाहुण्यांनी पाठवलेली वस्तू, मी कौतुक केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत मारैकेनं (सून) ते कागदी पिशवीत घातले, पिशवीला भोकं पाडली आणि पिशवी ठेवली फ्रिजमध्ये, चीजच्या भांड्याशेजारी. मी थिजलेच. म्हटलं, फुलं उगवायची आहेत की मढं टिकवायचंय? तर म्हणाली, आई, यांना थंडी लागते, आमच्याकडच्या हिवाळ्यासारखी, आणि तुमच्याकडे हिवाळा असतो कुठे. त्यावर कहर म्हणजे फ्रिजमधून सफरचंदं हद्दपार. सफरचंदाच्या वासानं म्हणे कळी आतल्या आत मरते. आमच्या ह्यांना राकीच्या घोटाबरोबर गार सफरचंदाची फोड लागते हे तुला माहीत आहे. तर हे आपली सफरचंदं शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन चोरून खाऊ लागले, पोरं विड्या ओढतात तशी.

आता तूच सांग, आपण लहानपणापासून काय बघितलं? वर्षाच्या पहिल्या दिवशी डोंगरावरून रानकांदा उपटून आणायचा आणि दारावर टांगायचा. माती नाही, पाणी नाही, तरी तो आपल्या पोटातून हिरवी पानं काढतो, म्हणून तर टांगायचा, की तसला चिवट जीव या घरात राहू दे. आईनं तुझ्या वेळी टांगला, माझ्या वेळी टांगला. म्हणजे कांद्याला काय लागतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मोकळी हवा आणि माणसांचा सहवास. आमचा मुलगा सिफिस आणि सून बाळंतपणासाठी रेथिम्नोला हॉस्पिटलजवळ राहायला गेले, घर रिकामं झालं, आणि दर वेळी फ्रिज उघडला की ती पिशवी माझ्याकडे बघायची. एके दिवशी मला राहवलं नाही. सगळे कंद काढले, ह्यांच्या लांब लोकरी मोज्यात भरले आणि चुलीच्या वर, लसणीच्या माळेशेजारी टांगले. नाताळ त्यांनी आमच्याबरोबर उबेत काढला. मी त्यांच्याशी बोलायचेसुद्धा. (हे समोरच बसलेले असायचे, पण राकी पिताना ह्यांना काही दिसत नाही असा माझा समज.) बाळंतिणीचे चाळीस दिवस भरून सून घरी यायच्या आदल्या दिवशी कंद पुन्हा पिशवीत, पिशवी फ्रिजमध्ये. दारावर मात्र नवा रानकांदा दिमाखात लटकत होता, बेबासाठी मुद्दाम सगळ्यांत थोरला शोधला होता, तिच्या डोक्याएवढा.

सुनेनं लगेच भिंतीकडेला खोल खणून, खाली खडी घालून कंद लावले. आणि हात धुताधुता मला म्हणाली, आई, मी तुम्हाला बोलले नव्हते, हे माझ्या आईचे. माझ्या हातातला डाव खाली पडला. ताई, ती ट्यूलिपची जात विहीणबाईंनी, मार्ग्रीतबाईंनी, स्वतः बियांपासून वाढवलेली. पिवळी, कडेला जर्दाळूसारखी लाली. जगात दुसरीकडे कुठे नाही. त्या गेल्यावर व्याह्यांनी शेत विकलं, तेवढे कंद ठेवले, आणि ते सगळेच्या सगळे इकडे पाठवले, नातीच्या अंगणात बायकोचं फूल फुललेलं बघायचं म्हणून. आणि ते बघायलाच ते येणार होते. त्या रात्रभर माझा डोळा लागला नाही. फ्रिज मध्येच घुर्र करायचा, मला वाटायचं माझं नाव घेतोय.

मार्च लागला आणि व्याही आले. माणूस सज्जन, पण उंच किती म्हणशील, दारातून आत येताना डोकं आपटलं ते थेट रानकांद्यावर. मी म्हटलं चांगला शकुन आहे. ते मात्र मागे सरून वर बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दारावर लेकरूच टांगलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर येते तर खिळा मोकळा. खाली पायरीशेजारी ताज्या मातीचा ढीग, ओला, हातानं थापलेला, आणि बाजूला व्याही हातात झारी घेऊन हसतायत. त्यांनी तो पुरला होता ताई. बेबाचं वर्षाचं भाग्य दारावरून काढून जमिनीत पुरलं आणि वर पाणी घातलं. समोरच्या स्तामातियानं कुंपणावरून बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि गोड आवाजात म्हणाली, "पेलागिया, तुझ्या व्याह्यांचा हात चांगलाच मोकळा दिसतो गं. पहिल्याच दिवशी घराचं नशीब गाडून मोकळे झाले."

मी कुदळ आणायला वळले होते. पण सुनेनं हात धरला. म्हणाली, आई, बाबांना त्याची दया आली हो, त्यांना वाटलं तो तहानलाय. दया म्हटल्यावर मला तो मोजा आठवला आणि मी कुदळ ठेवून दिली.

मग तिकडे भिंतीकडेला पानं आली, छान रुंद. रोज सकाळी व्याही चहाचा कप घेऊन तिथे उभे, आणि मी खिडकीतून देवाशी बोलतेय. मागच्या आठवड्यात बघते तर व्याही जमिनीवर पालथे पडलेले. मला वाटलं झटका आला, ओरडत धावले. झटका नव्हता. ट्यूलिप फुलले होते ताई, पण दांडाच नव्हता. पानांच्या बुडाशी, मातीला टेकून, जणू सगळ्या नवऱ्या चपला काढून भुईवर बसल्यात. रंग तोच, पिवळा आणि जर्दाळूची कड, पण बघायला नाक मातीत घालावं लागत होतं. व्याही उठले, कपाळाला माती, आणि सुनेला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. ती शपथा घेऊ लागली. तेवढं मला भाषेशिवाय कळलं. थंडी पुरली नव्हती.

दोष गेला फ्रिजवर. सासरे-जावयांनी मिळून तो अंगणात ओढला, मागची जाळी उघडली, चीज बादलीत घालून विहिरीत सोडलं, आणि दिवसभर आत थर्मामीटर ठेवून बघत बसले. बरं तो फ्रिज म्हणजे माझ्या लग्नापासूनचा, कधी एक लिंबू वाळू दिलं नाही त्यानं. संध्याकाळी ठरलं की फ्रिज भंगारात. स्तामातिया लगेच कुंपणावरून म्हणाली, मी नेते हो, उगाच कशाला टाकता. मी फ्रिजचं दार धरून ठेवलं. तेवढ्यात आमच्या ह्यांनी ग्लास खाली ठेवला.

"फ्रिजला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "ते कांदे नाताळभर माझ्यासोबत चुलीपाशी होते. माझ्या मोज्यात."

सुनेनं भाषांतर सुरू केलं आणि मोज्यापाशी अडखळली. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोज्यात का?" तिनं त्यांच्या वतीनं विचारलं.

"थंडी वाजत असेल म्हणून," मी म्हटलं. दुसरं होतं काय सांगायला?

व्याही पायरीवर बसले, अगदी खाली, गुडघे कानापर्यंत. मला वाटलं आता सामान बांधतील आणि सुनेला-नातीलाही नेतील, आणि मी कोणत्या तोंडानं अडवणार होते. मग ते हळूहळू काही बोलले आणि सून तोंडावर हात धरून ऐकत राहिली. मार्ग्रीतबाईही म्हणे दर हिवाळ्यात गार खोलीतल्या कंदांवर आपली शाल पांघरायच्या. बिचारे कुडकुडतात म्हणायच्या. व्याही मागून जाऊन शाल काढायचे, त्या पुन्हा घालायच्या, जन्मभर हेच. आणि एकदम तो एवढा मोठा माणूस हसायला लागला, हसताहसता डोळे पुसायला लागला, मी एप्रनच्या टोकाशी चाळा करत उभी. मग त्यांनी पायरीशेजारच्या माझ्या रानकांद्याकडे बोट केलं आणि आपल्या ग्रीक भाषेतला एकच शब्द त्यांनी मोडकातोडका बोलून दाखवला. "तहान."

आता व्याही आणि मी रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसतो. कंद अजून वाचतील म्हणतात. पानं पिवळी पडून सुकू द्यायची, कापायची नाहीत, आणि उन्हाळाभर पाण्याचा थेंब घालायचा नाही. पुढे काढून, ऑक्टोबरात पुन्हा फ्रिजमध्ये, तर पुढल्या वर्षी दांडा येईल. 'कदाचित' म्हणाले. तो शब्द मी रोज मनात उलटासुलटा करून बघते. सुनेनं फ्रिजच्या दाराला आताच शेळीची घंटा बांधलीय. रानकांद्याची पानं मात्र अशी माजलीत की स्तामातिया एक कंद मागून गेली, पुरायला. व्याह्यांनी झारी उचलली की मी बोट दाखवते, पुरे. असं आमचं बोलणं चालतं.

बाकी सगळे खुशाल. या लवकर, ईस्टरचं कोकरू तुमच्या नावानं राखलंय. भावजींचे गुडघे जपा.

तुझी,
पेलागिया

ता. क. खरं सांगायचं ते हे, आणि म्हणून फोन नाही. बाप्तिस्म्याला अर्गिरो धर्ममाता. नाव काय ते पाद्री तिलाच विचारणार, आणि ती जे मोठ्यानं म्हणेल ते कायम, बापालाही बदलता येत नाही. तिला सांग, 'मार्गारिता' म्हणायचं. मार्ग्रीतचं आपल्याकडे तसंच होतं. माझं नाव नको. इथे कुणालाही सांगू नकोस, सुनेला तर नाहीच. दांडा येईल की नाही ते 'कदाचित' आहे, नाव तरी उभं राहू दे. टॉवेल काल दुपारी उसवला. हे नाव जास्तच लांब आहे, येताना मोठा टॉवेल आण.

आणखी एक. ह्यांच्यासमोर काही बोलू नका. राकी पिताना ह्यांना सगळं दिसतं.

आणखी एकच. मार्गारिता म्हणून झाल्यावर अर्गिरोला दम उरला असेल, तर दोन नावं चालतात असं पाद्री मागे कुणाला तरी सांगत होते. मी काही म्हटलेलं नाही. फक्त ते डाव्या कानानं बहिरे आहेत. तिला उजवीकडे उभं राहायला सांग.